फिरत्या घराची वीज : बॅटरी मिस्त्रींसाठी एक नवे काम

मोटारीची वायरिंग, सेल्फ-डायनॅमोची दुरुस्ती आणि बॅटरीचे चार्जिंग हा आपल्याकडील अनेक कुटुंबांचा पिढीजात धंदा आहे. कोणत्याही शहरात गॅरेजांच्या गल्लीत जा, एखादा उस्ताद मल्टीमीटर हातात घेऊन बोनेटखाली वाकलेला दिसेल. मात्र गेल्या काही वर्षांत या धंद्याचे रूप बदलले आहे. नव्या गाड्यांमध्ये संगणक आले आणि बरेचसे काम कंपनीच्या वर्कशॉपकडे गेले. पाणी घालण्याच्या बॅटऱ्या कमी झाल्या. अशा वेळी, हातात आहे त्याच हुन्नरावर उभे राहील असे एक काम बाजारात आले आहे. गाडीच्या छपरावर सौर पॅनल आणि आत लिथियम बॅटरी बसवून देणे हे ते काम. ते नीट केले तर चांगली मजुरी देते. वरवर केले तर गाडीला आग लावू शकते, आणि या गाडीत रात्री माणसे झोपतात. म्हणून या कामाचा हिशेब थोडा सविस्तर मांडत आहोत.

हे काम आले कोठून?

अमेरिकेत घरासारखी सोय असलेल्या गाडीला आरव्ही म्हणतात. तिच्यात खाट, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, न्हाणीघर असे सारे असते. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हा भाग या गाड्यांची राजधानी समजला जातो. तेथील कारखान्यांत आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे सुतार आणि कारागीर मोठ्या संख्येने कामाला आहेत. हाताचा कसब असलेल्या समाजाला नव्या उद्योगात कशी जागा मिळते, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ॲरिझोनामधील क्वार्टझसाइट गावाभोवतीच्या वाळवंटात दर हिवाळ्यात हजारो गाड्या येऊन मुक्काम करतात. उघड्या सरकारी जमिनीवर विजेची जोडणी नसते. जनरेटरचा आवाज आणि पेट्रोलचा खर्च नको म्हणून तेथील लोकांनी छपरावर स्वतःच्या हाताने पॅनल बसवण्यास सुरुवात केली. पुढे जड बॅटरीच्या जागी लिथियम आली आणि ही पद्धत सर्वत्र पसरली.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मोठी व्हॅन घेऊन तिचे फिरते घर करून घेणारे गिऱ्हाईक आता पुणे-मुंबईत भेटते. हीच जोडणी फिरता दवाखाना, चहा-सरबताची गाडी किंवा आठवडी बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो यांनाही लागू पडते. बॉडी बिल्डर, सुतार आणि वायरमन या तिघांना एकत्र मिळणारे हे काम आहे.

आधी खर्चाचा हिशेब, मग माल

बहुतेक गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारते, "किती वॅटचे पॅनल बसेल?" हा प्रश्न उलटा आहे. आधी त्याला विचारावे, "दिवसात काय काय चालवणार आणि किती तास?" चौघांच्या कुटुंबाची एक गाडी धरू. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ५० वॅटचा. तो निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ६०० वॅट-तास. १५ वॅटचे दोन पंखे दहा तास, ३०० वॅट-तास. पाच वॅटचे सहा दिवे पाच तास, १५० वॅट-तास. मोबाइल आणि लॅपटॉप २००. टीव्ही तीन तास, १२०. मिक्सर पाच-सहा मिनिटे, ५०. पाण्याचा पंप अर्धा तास, ३०. बेरीज १४५० होते. इन्व्हर्टर आणि तारांतील गळती म्हणून त्यात वीस टक्के मिळवावे. गरज सुमारे १७५० वॅट-तासांची झाली.

आता बॅटरी. १२.८ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर-तास म्हणजे २५६० वॅट-तास. त्यातील नव्वद टक्के वापरले तरी २३०० हाती येतात. सूर्य दिसला नाही तरी सव्वा दिवस निघेल.

शेवटी पॅनल. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला पाच तासांच्या कडक उन्हाइतके ऊन मिळते. पण गाडीवर पॅनल आडवे असते. ते तापते, त्यावर धूळ बसते. म्हणून कागदावरच्या आकड्याच्या सत्तर टक्केच धरावेत. १७५० भागिले साडेतीन म्हणजे ५०० वॅट. बाजारात घरासाठी मिळणारे ५४० वॅटचे एक पॅनल पुरते.

पावसाळ्यात मात्र ऊन निम्म्यावर येते आणि तेच पॅनल ९४५ वॅट-तासांच्या आसपास देते. उरलेले ८०० कोठून येणार? इंजिनाकडून. ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर गाडी चालताना तासाला सुमारे ४०० वॅट-तास देतो. दोन तासांच्या प्रवासात तूट भरून निघते.

एसीबद्दल गिऱ्हाइकाशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ६०० वॅट घेतो असे धरले तरी आठ तासांचे ४८०० वॅट-तास होतात. वर सांगितलेल्या बॅटरीच्या हे दुपटीहून जास्त आहे. "सगळे चालेल" असे सांगून काम घेणारा मिस्त्री पैसे एकदाच मिळवतो, तक्रार मात्र वर्षभर ऐकतो.

कोणते लिथियम?

लिथियम हे एकाच बॅटरीचे नाव नाही. फिरत्या घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार योग्य आहे. बाजारात त्याला एलएफपी म्हणतात. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांनी अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय सहकाऱ्यांसह या रसायनावरचा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. लिथियम बॅटरीवरील कार्यासाठी गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांबरोबर विभागून मिळाले. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. चार सेल मालिकेत जोडले की १२.८ व्होल्ट होतात. मोबाइल आणि अनेक विजेच्या वाहनांत वापरतात त्या ३.६-३.७ व्होल्टच्या सेलपेक्षा एलएफपी उष्णता अधिक सोसते आणि सहजासहजी पेट घेत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटरना आगी लागल्या होत्या, त्या सर्वांच्या लक्षात असतील. त्यानंतर केंद्र सरकारने वाहनांच्या बॅटरीचे नियम कडक केले. जुन्या स्कूटरचे सेल काढून बांधलेले स्वस्त पॅक लोक झोपतात त्या गाडीत कधीही बसवू नयेत.

शिशाच्या बॅटरीशी तुलना करू. तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरावी लागते. म्हणजे वरच्या गरजेला २०० अँपिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या लागतील आणि त्यांचे वजन सव्वाशे किलोच्या आसपास जाईल. लिथियमची एकच बॅटरी वीस-पंचवीस किलोंची असते. शिशाची बॅटरी निम्मी वापरूनही काही शे वेळा ते हजारभर वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसते. चांगली एलएफपी दोन-तीन हजार वेळा किंवा त्याहून जास्त. सुरुवातीची किंमत जास्त असली तरी वर्षांच्या हिशेबाने ती महाग पडत नाही.

बॅटरीच्या आत बीएमएस नावाची पाटी असते. ती सेलची राखण करते. व्होल्ट फार वाढले, फार उतरले किंवा करंट जास्त झाला की ती जोडणी तोडते. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला ९५ अँपिअर ओढतो, म्हणून बीएमएस निदान १५० अँपिअरचा असावा.

जुन्या मिस्त्रींनी एक सवय येथे बदलावी. हायड्रोमीटर तर येथे चालतच नाही, पण व्होल्ट पाहूनही या बॅटरीची भर कळत नाही. बराच भाग रिकामा झाला तरी मीटर १३.२ च्या आसपासच दाखवतो. म्हणून निगेटिव्ह तारेत शंट बसवून अँपिअर-तास मोजणारा मीटर द्यावा.

लेबलवरचा आकडा खरा आहे की नाही, हे दुकानातच तपासता येते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण चार्ज करून तिच्यावर ५५ वॅटचे दोन हेडलाइट बल्ब लावावेत. ते साडेअकरा तासांच्या आसपास चालले पाहिजेत. आठ तासांतच विझले तर माल परत करावा. दुसऱ्याने लावलेल्या खोट्या लेबलावर आपले नाव कशाला लावायचे?

पॅनल आणि कंट्रोलर

कंट्रोलर दोन प्रकारचे मिळतात. पीडब्ल्यूएम स्वस्त, एमपीपीटी महाग. ५४० वॅटचे पॅनल ४१ व्होल्टच्या आसपास १३ अँपिअर देते. पीडब्ल्यूएम त्याला थेट बॅटरीच्या व्होल्टवर खाली ओढतो. म्हणजे १३ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर, जेमतेम १७० वॅट. दोन तृतीयांश वीज वाया जाते. एमपीपीटी जादा व्होल्टचे अँपिअरमध्ये रूपांतर करतो. ५४० भागिले १२.८ म्हणजे ४२ अँपिअर, म्हणून ५० अँपिअरचा कंट्रोलर घ्यावा.

कंट्रोलरवर लिहिलेली व्होल्टची मर्यादा कधीही ओलांडू नये. अशा एका पॅनलचे उघडे व्होल्ट, म्हणजे भार नसतानाचे, ४९-५० असतात. दोन पॅनल मालिकेत जोडली तर ९९ होतात. मिस्त्री म्हणेल, १०० चा कंट्रोलर चालेल. पण थंडीत पॅनलचे व्होल्ट वाढतात. महाबळेश्वरला पहाटे दहा अंश तापमान असेल तर तेच १०३ होतील आणि कंट्रोलर जळेल.

चार्जिंगचे व्होल्ट १४.२ ते १४.६ दरम्यान ठेवावेत. शिशाच्या बॅटरीची इक्वलायझिंग सेटिंग बंद करावी, कारण तिचे १५ व्होल्टच्या वरचे चार्जिंग लिथियमला घातक आहे. जोडताना आधी बॅटरी आणि नंतर पॅनल, काढताना आधी पॅनल आणि नंतर बॅटरी, हा क्रम दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

तार आणि फ्यूज : खरा धोका येथे

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक त्याला हलके समजतात. पण व्होल्ट कमी म्हणजे अँपिअर जास्त, आणि आग लावतात ते अँपिअर. १००० वॅटच्या इन्व्हर्टरला ९५ अँपिअर लागतात. बॅटरी दीड मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तीन मीटर तार झाली. तेथे ६ चौरस मिलिमीटरची तार घातली तर पाऊण व्होल्टपेक्षा जास्त तिच्यातच खर्च होतात आणि सुमारे ८० वॅट उष्णता निर्माण होते. प्लायवूडच्या आत दोन-तीन सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून वर माणसांना झोपवण्यासारखेच हे आहे. तीच तार ३५ चौरस मिलिमीटरची असेल तर उष्णता १४ वॅटच्या आत राहते. म्हणून इन्व्हर्टरला ३५, कंट्रोलर ते बॅटरी १६, आणि पॅनल ते कंट्रोलर ६ चौरस मिलिमीटरची सोलर तार घालावी. तांबे पूर्ण असावे, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार नको. गाडीची बॉडी अर्थ म्हणून वापरण्याची सवय मोठ्या करंटसाठी सोडावी आणि दोन्ही तारा बॅटरीपर्यंत न्याव्यात.

मुख्य फ्यूज पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात असावा. इन्व्हर्टरच्या तारेला १२५ अँपिअर, कंट्रोलरच्या तारेला ६० अँपिअर. शॉर्ट झाल्यास लिथियम बॅटरी क्षणात हजारो अँपिअर सोडू शकते. साधा फ्यूज अशा वेळी वितळूनही ठिणगी चालू ठेवतो. म्हणून मुख्य जागी क्लास टी प्रकारचा फ्यूज वापरावा. घरातील एसी प्रवाहाची एमसीबी डीसीच्या जागी बसवू नये. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, त्यासाठी डीसीचीच एमसीबी लागते.

थिंबल हातोडीने ठोकून बसवण्याची पद्धत येथे चालणार नाही. हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन घ्यावे आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. पत्र्यातून तार जाते तेथे रबरी ग्रोमेट लावावा. गाडी हादरते, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून सर्व नट तपासावेत.

अल्टरनेटरची बॅटरी आणि घराची बॅटरी जाड तारेने थेट जोडू नये. लिथियम बॅटरी देईल तेवढा करंट ओढते, अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरून २३० व्होल्ट घ्यायचे असतील तर चेंजओव्हर स्विच आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. पावसात ओल्या पत्र्याला हात लावणाऱ्या मुलाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

छप्पर, ऊन आणि थंडी

५४० वॅटचे पॅनल सुमारे सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद आणि तीस किलोंच्या आतबाहेर असते. घाटात वारा त्याला उचलू पाहतो. छपराच्या आडव्या पट्ट्यांना ॲल्युमिनियम चॅनेल बोल्टने आवळावा, केवळ डिंक किंवा रिव्हेटवर विसंबू नये. प्रत्येक छिद्राला पॉलियुरेथेन सीलंट भरावे. पॅनल आणि पत्रा यांत दोन इंचांची फट ठेवावी, म्हणजे हवा खेळते. कॅरियर किंवा पंख्याच्या झाकणाची सावली पॅनलवर पडू देऊ नये. एका कोपऱ्याच्या सावलीनेही बरीच वीज जाते.

बॅटरी इंजिनाजवळ किंवा छपराखालच्या कप्प्यात नको. विदर्भातील मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. बॅटरी खाली, हवेशीर जागी, पट्ट्याने घट्ट बांधलेली असावी. गिऱ्हाईक हिवाळ्यात लडाख किंवा मनालीकडे जाणार असेल तर त्याला सांगावे की शून्य अंशाखाली या बॅटरीला चार्ज करता येत नाही, सेल कायमचे बिघडतात. थंडीत चार्जिंग तोडणारा बीएमएस मागून घ्यावा.

कायदा आणि कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. आसने काढून खाटा टाकणे, छपराची उंची वाढवणे अशी कामे परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय हाती घेऊ नयेत. मालकाने विमा कंपनीलाही लेखी कळवावे, नाहीतर अपघातानंतर दावा अडू शकतो. घरांच्या छपरांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान गाडीला मिळत नाही. तसे आमिष गिऱ्हाइकाला दाखवू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनलवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, लिथियम बॅटरीवर अठरा टक्के आहे. बिलात दोन्ही वेगळे दाखवावेत. काढलेली जुनी बॅटरी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जाईल हे पाहावे.

धंदा म्हणून

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन, टॉर्क पाना आणि ड्रिल एवढ्यावर सुरुवात होते. माल गिऱ्हाइकाच्या नावाने खरेदी करून आपण मजुरी घ्यावी, म्हणजे उधारी अडकत नाही. पहिले काम शक्यतो चहाच्या गाडीसारखे छोटे घ्यावे. एक पॅनल, एक बॅटरी, चार दिवे. हात बसला की मोठ्या गाडीकडे वळावे.

काम संपल्यावर गिऱ्हाइकाच्या हाती तीन कागद द्यावेत. पहिला वायरिंगचा नकाशा, ज्यावर प्रत्येक तारेची जाडी आणि फ्यूजचा आकडा असेल. दुसरा, काय किती तास चालेल याचा तक्ता. तिसरा मालाचे अनुक्रमांक आणि वॉरंटीची तारीख असलेले पक्के बिल. आपल्या बाजारात तोंडी भरवशावर काम करण्याची रीत आहे. पण हा नकाशा दुकानाची साक्ष आहे. उद्या नाशिकच्या गाडीत नागपूरजवळ फ्यूज उडाला तर तेथला मिस्त्री हा कागद पाहूनच दुरुस्ती करील, आणि हे काम कोणत्या दुकानात झाले होते तेही त्याच कागदावर वाचील.